हरताळाखालचं नाव

अर्धांगाचा झटका आल्यावर अप्पांच्या तोंडात तीन शब्द उरले. 'नाही', 'अगं' आणि 'थांब'. भूक लागली तरी 'थांब' आणि खिडकी लावून घे म्हणायचं असलं तरी 'थांब'. कोणत्या 'थांब'चा अर्थ काय, हे ओळखणं सुनीतीचं काम होतं आणि बहुतेक वेळा तिला ते जमत नसे. मग अप्पा डाव्या हाताने पलंगाची कड बडवत.

सुनीतीने लग्न केलं नव्हतं. तळोज्याच्या एका औषध कंपनीत ती क्वालिटी कंट्रोल बघायची आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये अप्पांबरोबर राहायची. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ केयूर कॅनडात स्थायिक झाला होता. झटक्यानंतर तो येऊन गेला, अप्पांच्या उशाशी बसून रडला आणि रजा संपल्यावर परत गेला. दिवसा अप्पांजवळ एक बाई ठेवली होती. संध्याकाळी कंपनीची बस सोडायची तेव्हा सुनीतीचे पाय जिना चढायला तयार नसत, पण ती चढायची.

दवाखान्याचे जुने कागद शोधताना तिने अप्पांचं कपाट उघडलं आणि तिच्या हाताला पोथी लागली.

ही पोथी तिने लहानपणापासून लांबून पाहिली होती. दोन फळ्यांमध्ये सुटी पानं आणि त्यावर लाल फडकं. अप्पांचं घराणं सामवेदी. त्यांची श्रावणी बाकीच्यांसारखी श्रावणात नाही, भाद्रपदात. त्या दिवशी अप्पा सोवळ्याने पोथी पाटावर ठेवत, फूल वाहत आणि तिच्यासमोर बसून साम म्हणत. हाउ हाउ हाउ असे लांब, लाटेसारखे स्वर, मधेच एकदम खाली उतरणारे. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राही. एरवी तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात हिशेब तपासणारा हा माणूस त्या दिवशी दुसराच कोणी होई. "आमच्या घरातलं गाणं वेगळं आहे," ते सांगत. "पाचशे वर्षांचं. पुण्याकाशीत कोणाला येत नाही."

सुनीती नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्याजवळ जाऊन बसली होती. मला शिकवा म्हणाली होती. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी तिला दाराबाहेर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "हे बायकांचं नाही, बाळा." पुढे केयूरची मुंज झाली आणि त्याला शिकवायला सुरुवात झाली. ती दाराआडून ऐकायची. केयूरच्या चुका तिला कळायच्या, केयूरला कळायच्या नाहीत. वर्षभरात त्याने ते सोडलं. अप्पांनी पुन्हा कोणाला शिकवलं नाही.

आता फडकं सोडल्यावर कसर लागलेली दिसली. पानांच्या कडा खाल्ल्या होत्या. सुनीतीने मोबाइलवर चार फोटो काढून पुण्याच्या एका संस्थेला पाठवले आणि औषध काय मारायचं एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ऋता नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या हस्तलिखितांवर संशोधन करते म्हणाली. "काहीही मारू नका. मी येते."

ऋता तिशीची होती. आली तीच हात धुऊन जमिनीवर बसली आणि पानं एकेक करून पुढे ठेवू लागली. तिने सुनीतीला दाखवलं, की काही मात्रा अक्षरांच्या डोक्यावर नाहीत, अलीकडे उभ्या रेघेसारख्या काढल्या आहेत. त्यांना पडीमात्रा म्हणतात, हे वळण जुनं. अक्षरांच्या वर आकडे होते, तेच स्वर. शेवटच्या पानावर शक होता, १३९८.

"म्हणजे अप्पा म्हणायचे ते खरं?"

"साडेपाचशे वर्षं होत आली. आणि हे बघा." ऋताने भिंग दिलं. आकड्यांच्या वर आणखी बारीक खुणा होत्या, कुठे आकडीसारख्या, कुठे उलट्या. "सामगानाच्या पोथ्यांत आकडे असतात. या खुणा मी कुठे पाहिलेल्या नाहीत. स्वर कसा वळवायचा ते यांत लिहिलंय असं मला वाटतं. पण वाटून उपयोग नाही. यातून गाणारं कोणीतरी पाहिजे." तिने वर पाहिलं. "तुमच्याकडे कोणी गातं का यातून?"

सुनीतीने आतल्या खोलीकडे बोट केलं. अप्पा उशांना टेकून बसले होते. एका गालावरून लाळ ओघळत होती.

शेवटच्या पानाच्या तळाशी पोथी कोणाची ते लिहिलेलं होतं. तिथे सुनीतीच्या आजोबांचं नाव होतं, पण ते पिवळ्या पट्ट्यावर लिहिलं होतं.

"हरताळ," ऋता म्हणाली. "चुकलेलं अक्षर झाकायला लावायचे. इथे अख्खी ओळ झाकलीय. खाली आधीच्या मालकाचं नाव असणार. ते कळलं तर ही पोथी आली कुठून, कोणत्या घराण्यात गायली जायची, ते शोधता येईल."

"हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड," सुनीती म्हणाली. "बोट लावू नका त्याला." मग तिला आणखी एक आठवलं. "इन्फ्रारेडमध्ये ते पारदर्शक होतं. खालची शाई काजळीची असेल तर दिसेल."

तिच्याच लॅबमध्ये तबरेज म्हणून पनवेलचा एक सहकारी होता. त्याला फोटोग्राफीचा नाद. जुन्या कॅमेऱ्यातला फिल्टर काढून त्याने इन्फ्रारेडचे फोटो काढायचा खटाटोप केलेला होता, खाडीतली, त्यात पांढरीशुभ्र दिसणारी तिवरं वगैरे. रविवारी तो कॅमेरा घेऊन आला. आधी अप्पांना सलाम करून, दोन मिनिटं त्यांचा हात हातात घेऊन बसला. मग पडदे ओढून एक दिवा लावला आणि फोटो काढले.

"मॅडम, या इकडे," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "पिवळं गेलं बघा सगळं."

पट्टा नाहीसा झाला होता आणि त्याच्या खालून काळी अक्षरं वर आली होती. फोटो पाठवल्यावर ऋताने फोनवरच ती वाचली. सोनघळ गावच्या धारप उपनावाच्या कोणा केशवाच्या मुलाचं पुस्तक. सुनीतीला सोनघळही माहीत नव्हतं आणि धारपही. आजोबांचं गाव दुसरं होतं. म्हणजे ही पोथी आमची नव्हती, हा विचार तिला पहिल्यांदा आला. तो तिने बाजूला सारला.

*

मंजुषा आठवड्यातून दोनदा वाशीहून येऊन अप्पांच्या बोलण्याचा व्यायाम घ्यायची. तिला सुनीतीने पोथीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ, ट्राय तर करू. अशा पेशंट्सची भाषा जाते ना, पण गाणं कधीकधी राहतं. ते मेंदूत दुसरीकडे असतं." तिने अप्पांसमोर बसून गणपतीची आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला अप्पा तिच्यात मिसळले. शब्दन् शब्द स्पष्ट. आरती संपल्यावर ते स्वतःच दचकले. मंजुषाने टाळ्या वाजवल्या. सुनीती स्वयंपाकघरात जाऊन सिंकला धरून उभी राहिली.

त्यानंतरच्या सकाळी तिने पोथीचं पहिलं पान एका जाड पुठ्ठ्यावर ठेवून अप्पांच्या पुढे धरलं. अप्पा खूप वेळ पानाकडे पाहत राहिले. मग डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर गेला आणि घशातून आवाज निघाला. हाउ हाउ हाउ. जाडसर, फाटका, पण तोच. लाट वर गेली, थांबली, खाली उतरली. सुनीतीने मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, मोबाइल तिने गादीवर ठेवला.

तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा तिच्या आयुष्यातला बरा काळ होता. ऑफिसला जाण्यापूर्वी रोज थोडा वेळ ती पान धरायची आणि अप्पा म्हणायचे. आता दाराबाहेर जा म्हणणारं कोणी नव्हतं. ती तेच स्वर हळू आवाजात म्हणून बघायची. अप्पा तिच्याकडे बघत, पण 'नाही' म्हणत नसत. एकदा तर तिला वाटलं की ते हसले. रेकॉर्डिंग ती ऋताला पाठवायची. ऋता सुरुवातीला लगेच फोन करायची, हे अद्भुत आहे म्हणायची. मग तिचे फोन कमी झाले. कामात असेल, असं सुनीतीला वाटलं.

एके दिवशी काम करणाऱ्या बाईने पंखा लावला आणि पुठ्ठ्यावर ठेवलेली पानं खोलीभर झाली. बाई घाबरून रडायला लागली. सुनीतीने पानं गोळा केली आणि अप्पांना शांत करायला हाताला आलं ते पान त्यांच्यासमोर धरलं. अप्पा म्हणू लागले. कालचंच साम. ती पानाकडे बघत होती. इतक्या महिन्यांत ऋताकडून ती थोडी पडीमात्रा वाचायला शिकली होती. पानावर दुसरंच काही होतं.

ते थांबल्यावर तिने आणखी एक पान धरलं. पुन्हा तेच साम.

मग तिने पान उलटं केलं. अक्षरं डोक्यावर उभी राहिली. अप्पांनी डोळे पानावर ठेवले, मान डोलावली आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. नजर ओळीवरून डावीकडून उजवीकडे जात होती.

सुनीतीने रेकॉर्डिंग बंद केलं. अप्पांचं साम संपेपर्यंत ती पान धरून बसली.

तिने ऋताला फोन केला. पान उलटं धरल्याचं ऐकून ऋता म्हणाली, "मला सांगायचं होतं, ताई. मला जमत नव्हतं. तुमचे अप्पा गातात ते छापील पुस्तकातलं आहे. वेदपाठशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात ते. मोजकी सामं, तीच फिरून फिरून. जिथे पोथीतले आकडे वेगळे आहेत तिथेही ते पाठशाळेचंच म्हणतात. त्या खुणा तर कुठेच नाहीत त्यांच्या गाण्यात."

"झटक्यामुळे विसरले असतील."

"असेल," ऋता म्हणाली.

सुनीतीने केयूरला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. "तुला शिकवायचे तेव्हा पोथीतून शिकवायचे का रे? आठवून सांग."

"पोथी समोर असायची."

"पण वाचायचे का त्यातून?"

"मला फक्त मार आठवतो, ताई," केयूर म्हणाला. "सोड ना आता हे. ते तसे आजारी, तू कशाला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

पण तिला सोडवत नव्हतं. पाठशाळेत अप्पांच्या बरोबर कोण होतं? जुन्या पत्त्यांतून एक नाव सापडलं, दत्तू. अप्पांच्याच गावचा, त्यांच्या बरोबर शिकलेला. तो कामोठ्याला मुलाकडे राहत होता. सुनीती रिक्षा करून गेली.

दत्तूकाका ऐंशी ओलांडलेले, पण ताठ बसलेले होते. सुनेने चहा दिला. श्यामची, म्हणजे अप्पांची, चौकशी झाली. वाचा गेल्याचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. मग सुनीतीने पोथीचा विषय काढला. अप्पा ती कुठे वाचायला शिकले, असं विचारलं.

"वाचायला? अगो, श्यामला ती लिपी कुठे येत होती!" दत्तूकाका म्हणाले. "पाठशाळेत दोन पावसाळे काढले आम्ही. मग त्याचे वडील गेले आणि हा मुंबईला कारखान्यात चिकटला. जेवढं आलं तेवढ्यावर जन्म काढला त्याने."

"पण आजोबांना येत असेल ना? घरचं गाणं वेगळं आहे, असं अप्पा सांगायचे."

"तुझ्या आजोबांना पूजा सांगता येत होती. पोथी कसली त्यांची! पोथी श्यामच्या आईच्या माहेरची. ती सोनघळच्या धारपांची मुलगी."

सुनीतीने कप खाली ठेवला.

"धारपांना मुलगा नव्हता," दत्तूकाका सांगू लागले. "त्यांनी दार लावून मुलीला शिकवलं. सगळी पोथी तिला तोंडपाठ होती. लग्नात पोथी तिच्याबरोबर आली, दुसरं द्यायलाच काही नव्हतं म्हणे. मी त्यांच्याकडे वारावर जेवायला असायचो ना, म्हणून मला ठाऊक. एकदा मी आणि श्याम ओटीवर बसून संथा म्हणत होतो. तर आतून आवाज आला, 'अरे तिथे वर नाही जायचं, तिथे वळून खाली यायचं.' आणि तिने म्हणून दाखवलं. चुलीपाशी बसून. असं काही म्हणाली गो ती! आम्ही तोंड वासून राहिलो. असं कोणाचं ऐकलं नाही मी पुन्हा."

"मग?"

"मग तुझे आजोबा मागल्या दारातून आले." दत्तूकाकांनी धोतराची कड सारखी केली. "त्यांनी हात उगारला नाही, तसे मारणारे नव्हते. आम्हालाच म्हणाले, 'चुलीपाशी कुत्रं भुंकलं तर संथा थांबवायची नसते.' श्याम हसला. मग मीही हसलो. लहान होतो गो आम्ही. आणि त्याच दिवशी त्यांनी श्यामला खल काढायला लावला. हरताळ घोटून घेतली त्याच्याकडून. पिवळे हात घेऊन तो माझ्याकडे आला होता दाखवायला. ती बाई त्यानंतर कधी म्हणाली नाही. पाळणासुद्धा म्हणाली नाही शेवटच्या मुलीला. मी बघितलं ना, गप्प झोका द्यायची."

आजी अप्पांच्या लग्नाआधीच गेली होती. सुनीतीने तिचा फोटोही पाहिला नव्हता.

"काका, तुम्हाला त्यातलं काही आठवतं? ती म्हणाली ते? थोडंसं?"

दत्तूकाकांनी डोळे मिटले. "हाउ..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. हात हवेत वळवला, खाली आणला. स्वर मात्र पाठशाळेच्याच वाटेने गेला. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज मधेच तुटला. "असं नव्हे," ते म्हणाले. "असं नव्हे ते. वळायचं. कसं वळायचं कोण जाणे." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सुनीती उठली.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाई तिची वाट बघत होती, ती निघून गेली. अप्पांनी सुनीतीला पाहिलं आणि पोथीच्या पुठ्ठ्याकडे हात केला. 'अगं,' ते म्हणाले. सकाळी ती घाईत निघून गेली होती, पान धरलं नव्हतं. ते दिवसभर त्याची वाट बघत असणार. तिने पान आणलं नाही तरी त्यांनी म्हणायला सुरुवात केली. हाउ हाउ हाउ. तेच, छापील पुस्तकातलं.

"बंद करा," सुनीती म्हणाली.

ते म्हणतच राहिले. त्यांना वाटलं असेल, हिला आवडतं.

"बंद करा अप्पा! तुम्हाला येत नाही ते. तुम्हाला कधीच येत नव्हतं. आजीला येत होतं." तिचा आवाज इतका चढला की समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. "ती इथे, तुमच्या घरात होती. सगळी पोथी तिच्या गळ्यात होती. आणि तुम्ही हसलात. तुम्ही हरताळ घोटलीत! मला बाहेर उभं केलंत, माझं नाही म्हणालात. कोणाचं होतं ते अप्पा? कोणाचं होतं?"

अप्पांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. अंगठा बोटाच्या पेरावर होता तो तिथेच थांबला. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना सगळं कळलं होतं. तिने नंतर पुष्कळदा स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला की त्यांना कळलं नसेल. पण तिने त्यांचे डोळे पाहिले होते.

"थांब," ते म्हणाले. अगदी हळू.

तिने त्यांना वरणभात भरवला. तोंड पुसलं. कूस वळवून दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पान धरलं. तिला माफी मागायची होती आणि ती कशी मागायची हे कळत नव्हतं म्हणून तिने पान धरलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग तिने स्वतः म्हणायला सुरुवात केली, तिला जेवढं आलं होतं तेवढं. अप्पांनी मान भिंतीकडे वळवली.

मंजुषाने आरती म्हणून पाहिली. तिने भूपाळी म्हटली, जुनी भावगीतं म्हटली. काहीच नाही. ती काळजीत पडली आणि म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या. आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला असेल, या वयात होतं, असं ते म्हणाले. असेल किंवा नसेल, नक्की सांगता येत नाही. सुनीतीने डॉक्टरांना तीनदा विचारलं, की मनाला लागलं म्हणून माणसाचं गाणं जाईल का. तेही नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

आता शब्दही दोनच उरले होते. 'अगं' गेला होता.

पोथी ऋता घेऊन गेली. घरात ठेवण्यात अर्थ नव्हता, इथली हवा दमट आणि कसरीचा काही बंदोबस्त नाही. ऋताने पानं एकेक करून गुंडाळली. सुनीती बघत बसली.

"या खुणांचं काय होईल आता?" तिने विचारलं.

ऋता खोटं बोलली नाही. "त्या आहेत अशी नोंद होईल. आणखी कुठे अशी पोथी सापडली तर तुलना करता येईल. पण सोनघळला मी जाऊन आले, ताई. धारपांचं कोणीच नाही तिथे. घराच्या जागेवर कलमांची बाग आहे, मुंबईच्या कोणाची तरी. एकदा गाणारं माणूस गेलं की कागदावरून ते परत येत नाही. मी सात वर्षं हेच शिकलेय." ती उठताना म्हणाली, "पोथी कोणाकडून आली, त्या रकान्यात मी तुमच्या आजींचं नाव लिहीन. निदान तेवढं तरी. माहेरचं नाव पाहिजे. धारप माहितेय, त्यांचं स्वतःचं नाव काय?"

सासरचं नाव सुनीतीला माहीत होतं. ते आजोबांनी लग्नात ठेवलेलं. माहेरचं माहीत नव्हतं. दत्तूकाकांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही श्यामची आई म्हणायचो. नाव कोण घेणार!" अप्पांची बहीण, जिला आजीने गप्प झोका दिला होता, ती लहानपणीच गेली होती. गावाकडच्या दोन लांबच्या घरांत विचारून झालं.

मग अप्पाच उरले.

मंजुषाने मागे एक पाटी करून दिली होती, मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहिलेली. अप्पांनी ती कधी वापरली नव्हती. रविवारी दुपारी सुनीतीने त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अप्पा, आजीचं नाव काय होतं? लग्नाआधीचं? पुण्याला लिहून द्यायचंय. पोथी तिची होती असं लिहिणार आहेत ते."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी डावा हात उचलला. बोट पाटीवर आलं, 'क'वर टेकलं, तिथून सरकलं, 'म'वर गेलं. सुनीतीने 'कम' लिहिलं. "कमल? कमला?"

"नाही," अप्पा म्हणाले.

बोट पुन्हा फिरू लागलं. 'द'. मग पाटीच्या बाहेर, चादरीवर. मग 'त'. त्यांना माहीत होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं की नाव अगदी जवळ, जिभेपाशी आहे. ते पुढे झुकले, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"म्हणून बघा अप्पा," सुनीती म्हणाली. "गाऊन बघा. मी रागावणार नाही. मी कधीच रागावणार नाही."

त्यांनी प्रयत्न केला. घशातून निघालं ते गाणंही नव्हतं आणि शब्दही नव्हता. बोट 'य'वर आपटलं, 'ल'वर आपटलं, नुसतंच आपटत राहिलं. मग त्यांनी पाटी ढकलून दिली आणि ते लहान मुलासारखे, तोंड वाकडं करून रडू लागले. सुनीतीने त्यांचं डोकं छातीशी धरलं. त्यांना उशांवर नीट निजवायला वेळ लागला, कारण त्यांनी तिच्या ओढणीचं टोक घट्ट पकडलं होतं.

संध्याकाळी तिने ऋताला लिहिलं, की नाव मिळालं नाही. ऋताचं उत्तर आलं: ठीक आहे ताई, तो रकाना रिकामा ठेवते.

सुनीतीने फोन खाली ठेवला. अप्पांची चादर ओली झाली होती. तिने कपाटातून दुसरी काढली, त्यांना एका कुशीवर वळवलं आणि ओली चादर खालून ओढून घेतली.